दारावरची डबी

"एका वेळी एकीनंच जायचं. दोघी जोडीनं गप्पा मारत गेलात, तर ती डबी दोघींना मिळून एकच धरते. आणि मान वर करून तिच्याकडे बघायचं नाही. आपल्याच मनात चोर शिरतो मग."

वॉचमनकाकांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. सांगताना ते आमच्याकडे बघतसुद्धा नव्हते. हात पाठीशी, तोंड गाड्या लावायच्या जागेकडे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आज ऊन फार आहे असंच काहीतरी बोलतायत.

आमचं दुकान म्हणजे एका मोठ्या कंपनीच्या दोनशेबारा दुकानांतलं एक. किराणा, भांडी, कपडे, पायपुसणी, सगळं एका छपराखाली. समोरचं काचेचं दार आपोआप उघडतं आणि त्याच्या वर, आतल्या बाजूला, साबणाच्या डबीएवढी एक पांढरी डबी बसवलेली आहे. आत येणाऱ्या प्रत्येकाचं डोकं ती मोजते. बाहेर जाणाऱ्याशी तिला काही देणंघेणं नाही. त्या डोक्यांवरून लांबच्या मुख्य कचेरीतला संगणक ठरवतो, की पुढच्या आठवड्यात या दुकानाला माणसांचे किती तास द्यायचे. सोमवारी सकाळी दहाला फोनवर तक्ता येतो. कुणाला छत्तीस तास, कुणाला बावीस. सोमवारी दहाच्या सुमाराला आमच्यापैकी एकीच्याही तोंडाला चव नसते.

मी चार नंबरच्या काउंटरवर बिलं करते. एकोणीस वर्षं झाली. पूर्वी तास साहेब ठरवायचे. ते ओरडायचे, चुकायचे, लाडक्यांना झुकतं माप द्यायचे. पण दारात जाऊन उभं राहिलं की निदान "बघतो" तरी म्हणायचे. आताच्या साहेबांच्या हातात तेवढंही नाही. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे. पाठीमागे सगळे त्यांना टक्केसाहेब म्हणतात, कारण सकाळी आम्हाला उभं करून घेतलेल्या सभेत त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काल आपला टक्का किती होता, कोण सांगेल?" कुणी सांगत नाही. मग ते स्वतःच सांगतात आणि स्वतःच मान हलवतात. आलेल्यांपैकी किती जण काही घेऊन गेले, तो हा टक्का. माणूस वाईट नाही. माणसं कमी पडली की बाह्या दुमडून स्वतः तेलाचे डबे लावतात आणि मग कंबर धरून आडोशाला उभे राहतात, आम्हाला दिसू नये म्हणून.

मला दुकानात जपताई म्हणतात. सकाळी उठून दिवा लावायचा, त्याच्यासमोर बसून शंभर वेळा नाव घ्यायचं आणि मगच उठायचं, हा माझा एक नेम. मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही. दुसरा नेम खोटं न बोलण्याचा. मोठेपणा सांगत नाही. काउंटरवर खोटं बोलायची वेळ फारशी येतच नाही, म्हणून तो जमतो.

आणि टाचणी. ती कपड्यांच्या विभागात, घालून बघायच्या खोल्यांपाशी असते. असते कसली, असायची. कॉलरला ओळीनं टाचण्या लावलेल्या, दोन ओठांत धरलेल्या, आणि अंगानंही तशीच. गिऱ्हाईक आरशासमोर आलं की ही गुडघ्यांवर बसणार, पँटची लांबी दुमडून टाचणार आणि टाचण्यांच्या फटीतून बोलणार, "आता चालून दाखवा बरं. बघा! घोट्यावर बसली." चालून दाखवणारं गिऱ्हाईक पँट परत ठेवत नाही, हे मी एकोणीस वर्षं बिलं करून सांगते.

तिच्या घरात ती आणि सासूबाई, दोघीच. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. सासूबाईंची मूत्रपिंडं निकामी. मंगळवारी आणि शुक्रवारी रक्त मशीनवर शुद्ध करून आणावं लागतं. ते होतं कंपनीच्या दवाखान्याच्या कार्डावर. कार्डाचा नियम असा, की आठवड्याला तीस तास भरले पाहिजेत. सलग चार आठवडे कमी भरले की कार्ड बंद.

त्या सोमवारी आम्ही सामानाच्या कपाटांपाशी उभ्या होतो. टाचणीनं फोन उघडला, बघितला, आणि एप्रनच्या खिशात ठेवून दिला.

"किती?" मी विचारलं.

"सव्वीस."

"कितवा आठवडा?"

"तिसरा, ताई."

बाथरूमला जायची लाल पट्टी तेवढ्यात रिकामी झाली होती. गळ्यात ती पट्टी असल्याशिवाय जागा सोडायची नाही आणि सगळ्यांत मिळून पट्टी एकच. नंबर टाचणीचा होता. तिनं ती न घेताच दुसरीला दिली आणि सरळ साहेबांच्या खोलीकडे गेली. मी मागोमाग गेले.

"साहेब, चार तास हवेत फक्त. कुठंही द्या. गोदामात द्या, फरशी पुसायला द्या."

"माझ्या हातात असतं तर दिले नसते का?" टक्केसाहेबांनी पडदा आमच्याकडे वळवला. "हे बघा. मी बदलायला गेलो की इथं हे कुलूप येतं." खरंच, तिच्या सव्वीसवर बोट ठेवलं की एक छोटं कुलूप उगवत होतं.

"मग कुणाला सांगायचं?"

"वर कळवतो मी."

"वर म्हणजे कुणाला, साहेब?"

साहेब जरा विचारात पडले. "एक पत्ता दिलाय. तिथं लिहायचं. उत्तर आपोआप येतं."

"काय येतं?"

"तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे, असं येतं," ते म्हणाले. आणि इतक्या ओशाळ्या चेहऱ्यानं म्हणाले, की आम्हालाच वाईट वाटलं.

वॉचमनकाकांनी डबीचं गुपित सांगितलं ते त्याच दुपारी. डबी बसवायला आलेल्या कारागिराला त्यांनी शिडी धरून दिली होती. त्यानं बोलता बोलता सगळं सांगितलं होतं. डोकी वाढली की तास वाढतात. आपण कामाला मागच्या दारानं येतो, म्हणून आपली डोकी कुणाच्या खिजगणतीत नाहीत. पुढच्या दारानं आलो तर डबीला काय कळणार, गिऱ्हाईक कोण आणि बिलं करणारी कोण?

"काका, हे फसवणं नाही का झालं?" मी विचारलं.

"ताई, तुम्ही दारातून आत जाणार. गेलात की नाही? गेलात. डबी म्हणणार, एक बाई आत आली. आली की नाही? आली. यात खोटं कोण बोललं, सांगा."

खरं सांगायचं तर मला वाद घालायचाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळ्या फेऱ्या मारायला लागलो. चहाच्या सुट्टीत कुणी सहा, कुणी दहा. काय हसणं ते! किराणा विभागातली लठ्ठी म्हणाली, "मी गेले की डबी दोन धरत असेल गं, मला निम्म्याच फेऱ्या द्या." कुणी डोक्याला रुमाल बांधून जायची, जणू डबी ओळखच लक्षात ठेवते. टाचणीला आम्ही जाऊ दिलं नाही. तिनं आपलं गुडघ्यांवर बसून काम करावं, असं ठरलं.

मी मात्र मनाशी वेगळं ठरवलं. हसतखेळत केलेलं पुरणार नाही असं वाटलं. शंभर फेऱ्यांचा नेम धरला. वीस कामाआधी, चाळीस जेवणाच्या सुट्टीत, चाळीस सुटल्यावर. एका फेरीला एक नाव. दारातून आत यायचं, कपड्यांच्या विभागापाशी वळायचं, दुसऱ्या बाजूनं बाहेर, पुन्हा आत. जेवायला दहा मिनिटं उरायची. तेवढ्यात डबा पुरे होतो.

पुढच्या सोमवारी दहाला तक्ता आला. टाचणीनं फोन माझ्यासमोर धरला. तेहेतीस.

"ताई!" एवढंच म्हणाली. तोंडातली टाचणी खाली पडली ती दोघींनी मिळून शोधली.

मग काय, बाकीच्यांचा उत्साह ओसरला. काम झालं होतं, पाय सगळ्यांचेच दुखत होते. त्यांना दोष देत नाही. पण माझ्या मनानं घेतलं, की आपण थांबलो की आकडा घसरणार. शिवाय धरलेला नेम फळ मिळालं म्हणून सोडायचा नसतो, असं आई सांगायची. पुढच्या तीन सोमवारी टाचणीला बत्तीस, बत्तीस, एकतीस असे तास आले. मी दिव्यासमोर बसले की डोळे भरून यायचे. आपलं कुणीतरी ऐकतंय, असं वाटायचं.

वॉचमनकाका एकदा हळूच म्हणाले, "ताई, आता पुरे की. बाकीच्या थांबल्या."

"काका, नेम आहे."

"नेम घरी असावा. इथं यंत्र आहे."

मी हसले आणि पुढची फेरी मारली. ते बोलले तेव्हा त्रेसष्टावी होती. हेसुद्धा लक्षात आहे माझ्या.

पाचव्या सोमवारी तक्ता आलाच नाही. त्याऐवजी वरच्या बाई आल्या. अकरा दुकानांवर त्यांची देखरेख, दोन महिन्यांतून एकदा येतात, मऊ बोलतात, सगळ्यांना "कशा आहात?" विचारतात आणि उत्तरही ऐकून घेतात. त्या साहेबांच्या खोलीत गेल्या, मग टाचणीला बोलावणं आलं. पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली आणि आपल्या जागेवर जाऊन एका माणसाच्या बाह्या टाचायला बसली. मी काउंटरवरून बघत होते. त्या माणसानं काहीतरी विनोद केला, ती हसलीसुद्धा.

साहेब माझ्याजवळून जाताना थांबले. "जपताई, त्यांना चौदा तास झालेत. आता कायमचे चौदाच. सोबत नवीन एक अर्धवेळ मुलगी देणार आहेत."

"का पण? डोकी तर वाढलीयत ना, साहेब?"

"डोकी वाढली, टक्का पडला. एकेचाळीसचा छत्तीस झाला. लोक येतात आणि हात हलवत परत जातात. दाराजवळचा पहिला विभाग कपड्यांचा. संगणकानं काढलं, की लोकांचं मन तिथंच उडतं. तिथला माणूस बदला म्हणाला."

समोरच्या गिऱ्हाइकाचं साबणाचं बिल दोनदा केलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

रोज आठशे माणसं दुकानात यायची. महिनाभर रोज नऊशे येत होती. वरची शंभर काहीच घेत नव्हती. कपड्यांपाशी यायची, वळायची आणि निघून जायची.

मी लाल पट्टी गळ्यात अडकवली आणि बाथरूमला न जाता साहेबांच्या खोलीत गेले. साहेब नव्हते. वरच्या बाई एकट्याच कागद आवरत होत्या.

"या ना. बसा."

मी बसले. कामाच्या वेळात खुर्चीवर बसायची ती माझी पहिलीच वेळ.

"बाई, ती माणसं नाहीत," मी म्हणाले.

"कोणती?"

"हात हलवत परत जातात ती. ती मी आहे."

त्यांना आधी वाटलं माझं डोकं ठिकाणावर नाही. मग मी सगळं सांगितलं. वीस, चाळीस, चाळीस. सांगून झाल्यावर त्यांनी उठून दार लावलं आणि पाण्याची बाटली माझ्यापुढं सरकवली.

"तुम्हाला हे डबीचं कुणी सांगितलं?"

मी बाटलीचं झाकण फिरवत राहिले. खोटं न बोलण्याचा नेम आहे, सगळं बोलण्याचा नाही.

"बरं, नका सांगू." त्या खाली बसल्या. "ताई, हे मी लिहिलं, तर त्याला आमच्याकडे शब्द एकच आहे. आकड्यांत फेरफार. मग चौकशी लागते. चौकशीवाले पहिलं काय विचारतात माहितीये? फायदा कुणाचा झाला. ज्याचा झाला, त्याला आधी घरी पाठवतात. त्यांचे चौदासुद्धा जातील."

"तिनं एकही फेरी मारलेली नाही."

"तुम्ही म्हणताय म्हणून मी धरते. कागद धरत नाही."

"मग ती शंभर डोकी वजा करता नाही येणार? रोजची शंभर. मी तारखा सांगते. एकही दिवस चुकलेला नाही."

हे मी सांगितलं आणि त्यांनी डोळे मिटले. "डबीतून आत गेलेलं डोकं परत काढायला जागाच ठेवलेली नाही हो. दुसऱ्या एका दुकानात शाळेची सहल पाऊस आला म्हणून आत शिरली होती. दीडशे पोरं. मी तेव्हा विचारलं होतं."

"काय उत्तर आलं?"

"माझं म्हणणं मोलाचं आहे, असं आलं."

त्यांच्या मनगटाला पट्टी बांधलेली होती, गाडी चालवून चालवून दुखत असावं. त्यांच्या अकरा दुकानांचाही कुणी टक्का काढत असेल, हे मला त्या क्षणी सुचलं. त्याआधी कधी सुचलं नव्हतं.

"तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही," त्या उठत म्हणाल्या. "पाणी प्या आणि जा. आणि ताई, आता मागच्या दारानंच येत जा."

संध्याकाळी सामानाच्या कपाटापाशी मी टाचणीला गाठलं आणि सगळं सांगितलं. ती कॉलरच्या टाचण्या एकेक काढून डबीत टाकत होती. ऐकताना तिचा हात थांबला नाही.

"किती फेऱ्या म्हणालात?"

"रोज शंभर."

"बाकीच्या थांबल्यावरही?"

"हो."

"पाय नाही दुखले?"

तिनं डबीचं झाकण लावलं, कपाट बंद केलं आणि निघून गेली. पुढं दोन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. चौदा तासांत तशीही ती फारशी दिसत नव्हती.

मी फेऱ्या थांबवल्या. नऊशेची पुन्हा आठशे माणसं झाली आणि टक्का आपसूक एकेचाळीसवर आला. तिसऱ्या आठवड्यात टक्केसाहेब सकाळच्या सभेत एक पत्र घेऊन उभे राहिले. कपड्यांच्या विभागात केलेल्या बदलाचा परिणाम लगेच दिसून आला, म्हणून मुख्य कचेरीनं दुकानाचं अभिनंदन केलं होतं. असाच बदल आणखी नऊ दुकानांत करणार होते. साहेबांनी पत्र वाचलं आणि टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाजवल्या म्हणून आम्हीही वाजवल्या. माझेही हात वाजले. नवीन आलेली अर्धवेळ मुलगी लाजून खाली बघत होती. तिला बिचारीला वाटलं, हे तिच्यामुळंच झालं.

कार्ड बंद झालं त्या आठवड्यात मी टाचणीच्या घरी गेले. न बोलावता गेले. एकच खोली, खिडकीशी सासूबाईंचा पलंग, उशाशी पाण्याची मापं आखलेली बाटली. त्यांना दिवसाला तेवढंच पाणी. टाचणी नव्हती.

"तूच ना ती जपवाली?" सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बस. चहा मागू नकोस, मला बघवणार नाही."

मी बसले. त्यांचे घोटे सुजून गुळगुळीत झाले होते.

"दुकानात तुम्ही तिला टाचणी म्हणता म्हणे. टाचणी कसली, दाभण आहे दाभण! दिवसभर टोचत असते, पाणी मोजून प्या, पाणी मोजून प्या." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तिनं सांगितलं मला तुझं. महिनाभर शंभर फेऱ्या. माझ्या सख्ख्या मुलानं माझ्यासाठी कधी औषधाच्या दुकानापर्यंत दोन मारल्या नाहीत." आणि हसल्या. हसताना धाप लागली म्हणून थांबल्या.

"माझं चुकलं, आजी."

"चुकलं तर खरंच," त्या म्हणाल्या. मला उगीच समजावलं नाही, ते बरं वाटलं.

तेवढ्यात टाचणी आली. हात कोपरापर्यंत लाल. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात तिनं सकाळी सहा ते दहाचं काम धरलं होतं. तिथून दुकान, दुकानातून घर. मला बघून ती दारात थबकली, मग पिशवी ठेवून आत आली.

"आज मशीन झालं का?" मी विचारलं. मंगळवार होता.

"नाही." ती आमच्याकडे पाठ करून बोलत होती. "मोठ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहे. सात वाजता नंबर देतात, पहिल्या दहांना. पण रांगेत माणूस उभा लागतो, सहाच्या आत. मी सहाला कामावर हजेरी लावून तासाभराची सूट घेतली आणि पळत गेले. अकरावा नंबर आला."

"मग?"

"मग काय. शुक्रवारी या म्हणाले."

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. खोलीत बाटलीतल्या पाण्याखेरीज बघण्यासारखं काही नव्हतं, मी त्या बाटलीकडे बघत राहिले.

"शुक्रवारी मी उभी राहते," मी म्हणाले. "दर मंगळवारी आणि शुक्रवारी. माझं दुकान साडेनऊला आहे. तू फक्त कागद दे. शेजारणीला सांग, आजींना आठपर्यंत आणून सोडायचं."

टाचणी वळली. कितीतरी दिवसांनी तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"सकाळचा तुमचा नेम असतो, ताई. तो झाल्याशिवाय तुम्ही उठत नाही."

"ते मी बघते."

"आणि नाही आला नंबर तर?"

मी खोटं बोलू शकत नव्हते. "तर नाही आला," म्हणाले. "पण मी उभी असेन."

तिनं कपाटावरून प्लास्टिकच्या पिशवीतले कागद काढले, एकदा तपासले आणि पिशवीच्या तोंडाशी दुमडून एक टाचणी लावून माझ्या हातात दिले.

शुक्रवारी मी नेहमीसारखी पाचला उठले. आंघोळ केली, दिवा लावला. शंभर नावांना मला पाऊण तास लागतो. घाईनं घेतलेलं मी कधी धरत नाही. आणि दवाखाना चालत अर्ध्या तासावर. बसले असते तर अकरावी झाले असते, कदाचित पंधरावी. इतक्या वर्षांच्या नेमाचा हिशेब मनात आला, आणि फेऱ्यांचा तो महिना आठवला तसा तो मी तिथंच सोडला. कोणता नेम धरावा आणि कोणता सोडावा, हे मला कळतं असं आता मी म्हणणार नाही.

आसन घडी करून कोपऱ्यात ठेवलं. दिव्याला वाकून नमस्कार केला. तेल थोडंसंच घातलं होतं, म्हणजे मागे आपोआप शांत होईल. कागदांची पिशवी काखेत घेतली, चपला हातात. वरच्या मजल्यावर कुणी जागं नव्हतं. कडी वाजू नये म्हणून दार बोटानं धरून ओढून घेतलं.

पहिलं नाव ओठांशी आलं होतं. ते तसंच धरून मी जिना उतरायला लागले.